तळावरची अक्षरं

तोंडातली शिट्टी सुटून छातीवर आदळायच्या आत तिने उडी घेतली होती. बारा फूट खाली, तळावरच्या निळ्या अक्षरांवर एक माणूस पालथा पडला होता आणि हलत नव्हता. तिने त्याच्या काखेतून हात घातला, टाचांनी तळाला रेटा दिला आणि त्याला वर आणलं. वर येताच त्या बुडालेल्या माणसाने तिच्या बरगडीत कोपर हाणलं.

"सोडा हो. कळत नाही का तुम्हाला? प्रार्थना करत होतो मी."

पोट सुटलेला, चाळिशीतला माणूस. गळ्यात एका धार्मिक संस्थेचं प्लास्टिकचं ओळखपत्र, तेही पाण्यात. त्याच्या नाकातून आलेला शेंबूड तिच्या खांद्याला लागला होता. कठड्यावर चढून तिने तो तळहाताने निपटला आणि हात पाण्यात झटकला. घसरगुंडीच्या रांगेतली पोरं हे सगळं बघत होती. एकाने ओरडून विचारलं, "शिट्टीबाई, तुम्हीपण प्रार्थनेला गेला होतात का?" आणि रांगभर खिदळणं पसरलं.

शिट्टीबाई हे नाव पोरांनीच पाडलेलं. वॉटर पार्कच्या खोल तलावावर तिची नऊ वर्षं गेली होती, आणि तेवढ्या वर्षांत तिने जी माणसं वर काढली त्यांतली काही रडली होती, काही तिच्या अंगावर ओकली होती, एकाने तर घाबरून तिचे केस उपटले होते. पण वाचवल्याबद्दल कोपर खाल्लं ते आज पहिल्यांदा.

तासाभरात मॅनेजरने बोलावलं. त्याच्या खोलीला ओल्या टॉवेलांचा वास कायमचा चिकटलेला असे.

"तक्रार आलीय. लेखी," तो म्हणाला. "श्रद्धेच्या क्षणी अंगाला हात लावला, असं लिहिलंय."

"अंगाला हात न लावता माणूस वर कसा काढायचा, तेही लिहिलंय का?"

"बाई, चेष्टा नको."

चेष्टा तिला सुचतच नव्हती. डोक्यात नुसती तिडीक भरली होती. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत खोल तलावाचा तळ पांढरा होता. जुन्या फरशा तडकल्या, लोकांचे पाय कापायला लागले, मालक दुरुस्तीचं नाव काढेना. तेव्हा ही संस्था पुढे आली. तळ आम्ही नवा करून देतो, म्हणाली, फक्त त्यावर आमचे चार शब्द राहतील. शब्द मोजले तर चार नव्हते, पाच होते. खोल ये. तळाशी मी आहे. एकेक अक्षर माणसाएवढं, गडद निळं.

हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला एकदा तिथे नेऊन दोन मिनिटं बसवावं, असं तिला पहिल्या दिवशीच वाटलं होतं. इथे येणाऱ्या प्रत्येक पोराला तिने नऊ वर्षं एकच गोष्ट घसा फोडून सांगितली होती, की खोलात जाऊ नकोस. आणि आता तळच त्यांना बोलवत होता.

पण खरी बोंब वेगळीच होती. पहारा म्हणजे काय, तर तळ बघणं. वर पाण्यात कोण काय धिंगाणा घालतंय त्याकडे सगळे बघतात. जीवरक्षकाची नजर दर अर्ध्या मिनिटाला तळावरून फिरते, डावीकडून उजवीकडे, झाडू मारल्यासारखी. पांढऱ्या फरशीवर केसांची पिनसुद्धा दिसते. माणूस तर दिसतोच. आता तिथे माणसाच्या जाडीच्या, माणसाच्या लांबीच्या निळ्या रेघा पडल्या होत्या, आणि पाणी हललं की त्या रेघा हातपाय हलवत. पहिल्या आठवड्यात तिने 'ळ'ला वाचवायला दोनदा उडी मारली होती. उथळ तलावावरचा मामा तेव्हा इतका हसला होता की त्याला खुर्ची धरावी लागली.

मग लोकांनी त्यात स्वतःची भर घातली. आधी एकदोघं खाली जाऊन अक्षरांना हात लावून आले. मग कुणीतरी म्हणालं, परीक्षेच्या आधी हात लावला की पेपर सोपा जातो. मग कुणीतरी शोध लावला की नुसता हात लावून भागत नाही, अक्षरावर निजायचं, आणि जितका वेळ श्वास कोंडाल तितकं तो ऐकतो. आता रविवारी काठावर घड्याळं धरून बायका उभ्या राहत, आणि खाली त्यांचे नवरे पालथे पडलेले असत. त्यांच्यात बुडतोय कोण आणि भक्ती करतोय कोण, हे बारा फुटांवरून ओळखायचं काम शिट्टीबाईचं.

"तुमचा विश्वास नसेल, ते मी समजू शकतो," मॅनेजर म्हणाला. "पण जाहिराती कुठे नाहीत? साबणाची आहे, सिमेंटची आहे, चड्डी-बनियनची आहे. त्यांच्यावर तुम्ही कधी नाक मुरडलं नाहीत."

"साबणाच्या जाहिरातीवर कुणी श्वास कोंडून निजत नाही."

"म्हणजे तुमचा आक्षेप देवाला आहे."

"माझा आक्षेप तळ दिसत नाही त्याला आहे." ती थांबली, पण आतलं बाहेर पडलंच. "आणि विचारलंतच म्हणून सांगते. लोक इथे ओरडायला येतात, लोळायला येतात. ओल्या कपड्यांत पोरांच्या मागे पळत असतात. घाबरलेले नसतात हो ते. त्यांना कशाला सांगायचं, की तू घाबरलायस, ये माझ्याकडे? ज्याला हवंय तो जाईल की त्यांच्या दारात आपल्या पायांनी. इथे माणसाला निदान नागडं खेळू तरी द्या."

मॅनेजरने कागद उलटा करून ठेवला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

"आजपासून नवा नियम. तळावर कुणी निजलेलं दिसलं तर वीसपर्यंत मोजायचं. सावकाश. वीसला उठला नाही तर उडी. पाटीपण लावतोय तशी."

"वीस?"

"संस्थेनेच सुचवलंय. त्यांना चाळीस हवे होते, मी वीसवर आणलं."

ते त्याने अशा थाटात सांगितलं, जसे काही वरचे वीस आकडे तिला बक्षीस म्हणून मिळाले होते.

मामाला तिने हे सांगितलं तेव्हा तो कठड्यावरचे केस गोळा करत होता. मामा कुणाचाच मामा नव्हता. उथळ तलावावरचा हा म्हातारा पहारेकरी पार्कच्या पहिल्या दिवसापासून इथे होता.

"तक्रारीचा अर्ज लिहिते मी," ती म्हणाली. "वरपर्यंत पाठवते. तुमची सही हवी."

"माझी दोन वर्षं राहिलीत गं." मामाने केसांचा लगदा बादलीत टाकला. "मला सुखाने सुटू दे."

"तुम्हाला पटतंय हे?"

"पटतंय कुठे? किळस येते मला. पण नुसत्या किळसेवर सही होत नाही." मग तो जरा ओशाळला. "लिही तू. मी वाचून देतो. शुद्धलेखन बघतो."

अर्ज गेला. उत्तर आलं नाही. त्याऐवजी आला तो गोडबोल्या.

हे नाव मामाने ठेवलेलं. माणूस संस्थेचा प्रचारप्रमुख. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या, आणि बोलणं इतकं गुळचट की ऐकून झाल्यावर हात धुवावेसे वाटत. तो काठाकाठाने फिरून अक्षरं वरून कशी दिसतात ते बघत होता. तिने नियमाबद्दल विचारलं तसा तो मान तिरकी करून हसला.

"ताई, तुमची काळजी मला कळते. पण आमच्याही बाजूने बघा. प्रार्थनेच्या जागी जो येतो तो आधीच आमचा असतो. त्याला काय सांगायचं? आपल्याला हवा असतो बेसावध माणूस. आणि इतका बेसावध माणूस दुसरीकडे कुठे मिळणार? इथे तर त्याने कपडेसुद्धा काढून ठेवलेले असतात."

आपण काहीतरी फार सुंदर बोललो, अशा डोळ्यांनी तो तिच्याकडे बघत राहिला. तिने मान फिरवून तळ झाडायला घेतला, डावीकडून उजवीकडे.

घरी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. सासरे गेल्यापासून त्या संस्थेत जात. सुनेच्या पार्कमध्ये आपल्या संस्थेची अक्षरं बसली, याचा त्यांना केवढा अभिमान होता. शेजारणींना चारचारदा सांगून झालं होतं. इतके दिवस न सांगितलेला कोपराचा प्रसंग आज ऐकून त्या आधी हसल्या, मग अजून दुखणाऱ्या बरगडीला लावायला मलम काढून दिलं.

"त्या बिचाऱ्याची समाधी मोडलीस गं."

"आई, तो मेला असता तर?"

"मेला नाही ना." त्यांनी देठ मोडून बाजूला टाकला. "तुला तिथली माणसं आवडत नाहीत, मला माहितेय. मलाही सगळी आवडत नाहीत. तो पांढऱ्या कपड्यांतला तर मला लबाडच वाटतो. पण तिथे गेलं की कुणीतरी विचारतं, जेवलात का म्हणून. इथे दिवसभर भिंती असतात."

तिने मलम चोळायला घेतलं.

"मला एकदा नेशील?" सासूबाई म्हणाल्या. "अक्षरांना हात लावायला?"

"तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"तू आहेस ना तिथे."

त्या इतक्या सहज बोलल्या की शिट्टीबाईला रागही धड येईना. बारा फुटांखालच्या त्या वाक्यावर त्यांचा जेवढा भरवसा होता, तेवढाच सुनेवरही होता. ती उठून आत गेली.

त्या रविवारी दुपारी पार्क माणसांनी फुगला होता. लाटांच्या तलावावरच्या मोठ्या पडद्यावर गाणी वाजत होती आणि दर दोन गाण्यांमध्ये संस्थेच्या जाहिरातीतला एक हात पुढे येत होता, निळ्या पाण्यातून वर येणारा, गुळगुळीत नखांचा. खोल तलावात एका वेळी चारपाच जण तळावर निजलेले असत. पाण्यावर तेलाचा तवंग आलेला, कुणाची तरी जखमेवरची पट्टी तरंगत होती. एक बाप आपल्या पोराला दम देत होता, "मागच्या वेळी पंचवीस झाले होते, आज तीस व्हायला पाहिजेत." शिट्टीबाई काठावर उभी राहून मोजत होती. दिवसभर मोजतच होती. एक माणूस उठला की दुसऱ्याचं पहिल्यापासून. संध्याकाळी घरी गेल्यावरसुद्धा डोक्यात आकडे चालू राहत.

मुलगी नऊ वर्षांची असेल. दोन वेण्या, निळा पोहण्याचा पोशाख. तिची आई लांब बाकावर पिशव्या सांभाळत बसली होती. आईला पोहता येत नव्हतं, पण मुलीला चांगलं येत होतं. सकाळपासून तीनदा तिने अक्षरांना हात लावला होता आणि दर वेळी वर येऊन आईला हात हलवून दाखवला होता. चौथ्यांदा ती खाली गेली आणि 'मी'वर निजली. पोशाख निळा, अक्षर निळं. दिसत होत्या त्या फक्त वेण्या.

शिट्टीबाईने मोजायला सुरुवात केली.

एक. दोन. पलीकडे एक माणूस धापा टाकत वर आला आणि त्याच्या बायकोने टाळ्या पिटल्या. चार. पाच. मुलगी उताणी होती. बाकीचे सगळे पालथे निजत, हात जोडून. हिचे हात उघडे होते. सहा. तोंडातून एक बुडबुडा निघाला आणि नंतर निघाला नाही.

त्याच क्षणी शिट्टीबाईला कळलं. डोक्याच्या आधी पायांना कळलं. अंगठे काठावर वळले. आणि तिला ते कोपर आठवलं, पोरांचं हसणं आठवलं, ती लेखी तक्रार आठवली. पुन्हा एक तक्रार झाली तर घरीच बसवू, हे मॅनेजरने तिला चार लोकांत सांगितलं होतं. सात, आठ. मुलगी आहे लहान, अंगाला हात लावला म्हणतील. नऊ. नियम आहे. पाटी आहे. दहा. बहुतेक उठेल. ती मोजत राहिली आणि आपण मोजतोय हे तिला ऐकू येत राहिलं.

अठराला तिने उडी घेतली.

वर आणलं तेव्हा मुलगी राखाडी पडली होती. काठावर उताणी घालून तिने हनुवटी वर केली, नाक दाबलं, तोंडात तोंड घालून फुंकलं. लोक जमले. कुणीतरी मोठ्याने प्रार्थना सुरू केली आणि दहाबारा आवाज त्यात मिसळले. त्या गलक्यात तिला पोरीची छाती ऐकू येईना. "गप्प बसा रे," मामा ओरडला. तो पळत आला होता, म्हाताऱ्या पायांनी, एक चप्पल वाटेत टाकून. पाचव्या फुंकरीला पोरगी खोकली. पाणी आलं, ओकारी आली, मग रडणं आलं. आई गर्दीतून वाट काढत आली ती शिट्टीबाईच्या गळ्यातच पडली. ती नुसती तिचे ओले केस कुरवाळत राहिली, जणू बुडाली होती ती शिट्टीबाईच.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी नोंदवहीत रकाने भरायचे होते. वेळ, जागा, वय. 'किती वेळात मदत पोहोचली' या रकान्यात तिने लिहिलं, 'तत्काळ'. मामाने शेजारून वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

तीन दिवसांत फाटकावर फलक लागला. तोच गुळगुळीत हात, त्यावर अलगद निजलेली वेण्यांची मुलगी, आणि खाली मोठ्या अक्षरांत: तळाशी तो होता.

सकाळी कामावर येताना तिने तो पाहिला आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन ती भडाभडा ओकली. ज्या अक्षरांनी पोरगी गिळली होती तीच आता ढेकर देऊन श्रेय घेत होती. किती निर्लज्ज असावं माणसाने? तोंड धुताना तिला शिव्या सुचत होत्या, एकाहून एक. पण तोंड कितीही धुतलं तरी कडवटपणा जात नव्हता, आणि तो सगळाच त्या फलकाचा नव्हता, हे तिला माहीत होतं.

दुपारी गोडबोल्याने गाठलं. एक छोटी फिल्म करतोय, म्हणाला. मुलगी, तिची आई आणि ताई तुम्ही. मोठ्या पडद्यावर दाखवू, शहरातल्या सगळ्या सिनेमागृहांत सिनेमाच्या आधी दाखवू. "तुम्ही फक्त सांगायचं, की तुम्हाला खालून हाक आल्यासारखं वाटलं. त्याचं साधन झालात तुम्ही."

ती नाही म्हणायला तोंड उघडणार, तोच मामाने मागून तिच्या दंडाला चिमटा काढला.

"जा," तो नंतर म्हणाला. "कॅमेऱ्यासमोर सांग. अक्षरांमुळे पोरगी दिसली नाही, नियमामुळे थांबावं लागलं, अक्षरं काढा. पोरीची आई तिथेच बसलेली असेल. तिच्या देखत त्यांना ते कापता येणार नाही."

दोघांनी मिळून तीन वाक्यं पक्की केली. मामाने ती तिच्याकडून घोकून घेतली. "आणि या वेळी माझं नावही सांग," तो म्हणाला. "सांग, मामापण असंच म्हणतो." तिन्ही वाक्यं खरी होती. 'थांबावं लागलं' यात किती वेळ, ते कुठे आलं नव्हतं, आणि मामाने विचारलंही नाही.

ठरल्या सकाळी पार्क बंद ठेवला होता. गणवेशात या, असं सांगितलं होतं, म्हणून सासूबाईंनी तिचा पिवळा शर्ट धुऊन, इस्त्री करून दिला होता. सून पडद्यावर दिसणार म्हणून त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या. खोल तलावाच्या काठावर तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मध्ये मुलगी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला ती. माणसं नसल्यामुळे पाणी स्थिर होतं आणि तळावरचं वाक्य स्वच्छ वाचता येत होतं. आईने मुलीच्या मांडीवरून हात पुढे करून शिट्टीबाईचा हात धरला होता आणि तो ती सोडायला तयार नव्हती.

"रोज तुमचं नाव घेते मी," ती हळूच म्हणाली. "खरं सांगू, यांचं नाही घेत. तुमचं घेते."

शिट्टीबाईने घसा खाकरला. तिची तीन वाक्यं जिभेवर तयार होती. पण गोडबोल्याने आधी मुलीला घेतलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, पांढरी विजार सावरत.

"बाळा, घाबरायचं नाही. तू खाली निजली होतीस ना? मग काय झालं?"

"नाकात पाणी गेलं." मुलगी पायाने खुर्ची ठोकत होती. "मग हात हलेनात."

"आणि मग तुला कुणीतरी दिसलं. हो ना? आठव बरं."

मुलगी विचारात पडली. तिला कुणी पढवलेलं दिसत नव्हतं. ती खरोखरच आठवत होती.

"वर दिसत होतं," ती म्हणाली. "पिवळं."

गोडबोल्याने मागे न बघता कॅमेऱ्याकडे बोट हलवलं. जवळ ये, म्हणून.

"पिवळं. म्हणजे उजेडासारखं? सोन्यासारखं?"

"माहीत नाही. उंच होतं. काठावर उभं होतं." तिने हाताने दाखवलं, बरोबर तिथे, जिथे पहाऱ्याची जागा होती. "मी त्याच्याकडेच बघत होते. मला वाटलं, त्याला मी दिसतेय. खूप वेळ बघत होते. ते हलतच नव्हतं."

"वा," गोडबोल्या पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. "तो होता, बाळा. तो तुझ्यावर लक्ष ठेवून होता. किती सुंदर. असंच, अगदी असंच पुन्हा एकदा सांगशील?"

शिट्टीबाईने खाली पाहिलं. सासूबाईंनी इस्त्रीची घडी बाहीवर नेमकी पाडली होती. तीन वाक्यं कुठे गेली ते तिला कळेना. मामा लांब उथळ तलावापाशी उभा होता आणि मान हलवून तिला बोल, बोल म्हणत होता.

"ती मी होते," ती म्हणाली.

"ताई, तुमचं नंतर घेऊ."

"पिवळं ते मी होते. मी उभी होते." आवाज तिचाच होता, पण शिट्टी वाजवून वाजवून बसावा तसा बसका. "बुडतेय हे मला कळलं होतं. बुडबुडे थांबले तेव्हाच कळलं. तरी मी मोजत उभी राहिले. वहीत मी खोटं लिहिलंय."

गोडबोल्या उठला. त्याने गुडघ्यावरची धूळ झटकली आणि कॅमेरेवाल्याला अगदी मऊ आवाजात सांगितलं, "हे आपण कापू. ताईंना जरा पाणी द्या. मनावर ताण येतो अशा वेळी."

मुलगी आता शिट्टीबाईच्या शर्टाकडे बघत होती. तिने बोट लावून बाहीचं कापड चाचपून पाहिलं.

आईचा हात अजून शिट्टीबाईच्या हातात होता. तो थंड पडला होता, पण तिने तो काढून घेतला नव्हता.

"किती?" आईने विचारलं.

"काय?"

"कितीपर्यंत मोजलं?"

"अठरा."

आईने मान डोलावली. मग तिने हात सोडला, मुलीला खुर्चीतून उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि पाण्याकडे तोंड करून बसली. क्षणभर वाटलं, ती रडेल. पण ती मोजायला लागली. मोठ्याने, सावकाश, शाळेतल्या मुलाला शिकवावं तसं. एक. दोन. तीन. कुणालाच तिला अडवता येईना. गोडबोल्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं, मग ते बाहीत सरकवलं. मामा तिकडे डोकं खाली घालून उभा होता.

अकराला कॅमेरेवाल्याने कॅमेरा बंद केला. ती मोजत राहिली.